पुराव्याच्या फोटोतले बाबा

भाड्याने घेतलेल्या गाडीच्या पाच हजारांच्या डिपॉझिटपैकी १४६० रुपये खात्यात आले. मला वाटलं, बाकीचे मागाहून येतील. कंपन्या हल्ली पैसे घेताना एकदम घेतात आणि देताना घास घास देतात. पण मेसेजखाली बारीक अक्षरांत ‘फायनल सेटलमेंट’ लिहिलेलं होतं, आणि त्याच्याही खाली ‘ट्रॅफिक व्हायोलेशन : ३५४०’.

नोव्हेंबरात बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याहून नागपूरला आले होते. तीन आठवडे राहणार होते, काम लॅपटॉपवर. रामटेकहून आत्याला आणायचं, ऑपरेशनला न्यायचं, दुसऱ्या दिवशी डोळ्याची पट्टी काढायला पुन्हा न्यायचं, असं सगळं चार दिवसांत होतं, म्हणून २२ ते २५ नोव्हेंबर अशी सेल्फ ड्राइव्ह गाडी घेतली. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली. टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी, स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीचं नेमकं उलटं. आत्याला ती पाटी काही पटली नाही. “ड्रायव्हर नाही अन् टॅक्सी म्हणते, हे काय करून राहिली तू?” असं ती रामटेक ते नागपूर पन्नासेक किलोमीटरमध्ये तीनदा म्हणाली.

आमचं घर धरमपेठेत, आत गल्लीत. जुनं घर, फाटक असं की त्यातून बाबांची स्कूटर जाते, गाडी जाणार नाही. गल्लीत एका बाजूला पी-१ पार्किंगचा बोर्ड, दुसऱ्या बाजूला पी-२ चा. विषम तारखेला गाडी पी-१ च्या बाजूला लावायची, सम तारखेला पी-२ च्या. २२ तारखेला संध्याकाळी आत्याला आणि वाटेत घेतलेल्या संत्र्यांच्या पिशव्यांना उतरवलं, बोर्ड वाचला आणि गाडी मुद्दाम पी-२ खाली लावली. बावीस, सम. स्वतःचं कौतुकही वाटलं. लोक बोर्ड बघत नाहीत, मी बघते!

रात्री बारा वाजता तारीख बदलते, ही गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नाही. गाडी जागच्या जागी राहिली आणि बोर्ड चुकीचा झाला. (एकतीसचा महिना असला तर ३१ आणि १ या दोन्ही तारखा विषम, म्हणजे पी-१ वाल्यांना सलग दोन दिवस सूट. हा हिशेब मी नंतर बसून केला. तेव्हा करायला हवा होता तो सोपा हिशेब केला नव्हता.)

२३ ला सकाळी कुणी गाडी उचलून नेली असती, तर निदान त्याच दिवशी कळलं असतं. चाकाला जॅमर नाही, वायपरखाली कागद नाही. दुपारी मी गाडी काढली, २४ ला ऑपरेशन झालं, २५ ला पट्टी निघाली, संध्याकाळी सहाला गाडी परत दिली. घ्यायला आलेल्या पोरानं चारी बाजूंनी व्हिडिओ काढला, “काही नाही मॅडम, एकदम क्लीन हाय,” म्हणाला. पाच डिसेंबरला तो मेसेज आला.

अॅपमधल्या चॅटवर विचारलं. दोन तासांनी उत्तर आलं: गाडीवर दोन चालानं आहेत, दंड १५०० आणि ५००. प्रत्येकी ५०० रुपये प्रोसेसिंग फी. एकूण ३०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५४०. बेरीज बरोबर होती. मी तिथंच थंड झाले असते, कारण बेरीज बरोबर असली की माणसाला वाटतं सगळंच बरोबर आहे.

पण बाबा एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयातून, रिटायर झालेले. उभा जन्म दुसऱ्यांच्या व्हाउचरवर आक्षेप काढण्यात गेला. काळा गॉगल लावून ते खुर्चीत बसले होते, चार वेळा थेंब घालायचे दिवस होते. म्हणाले, “वाच.” मी वाचलं. “दोन चालानं? तू दोन ठिकाणी चुकलीस?” मी म्हटलं, मला तर एकही आठवत नाही. “मग व्हाउचर कुठे आहे? व्हाउचर नसताना पेमेंट कसं झालं?”

व्हाउचर म्हणजे चालान. ते बघायची सोय महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चालानच्या साइटवर आहे, पण नुसत्या गाडीच्या नंबरावर ती उघडत नाही. चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकावे लागतात. स्वतःच्या गाडीचं आरसी बुक घरात असतं, भाड्याच्या गाडीचं कुठून आणणार? कंपनीला मागितलं तर ‘डेटा पॉलिसी’ आडवी आली. मग आठवलं, गाडी घेताना मीही एक व्हिडिओ काढला होता. ओरखडे, किलोमीटर, पेट्रोलचा काटा, आणि पोरानं डॅशबोर्डचा कप्पा उघडून “कागदपत्रं हितं हायेत” म्हणत आरसीची झेरॉक्स वर धरली होती, ती एक सेकंदभर. तिथं व्हिडिओ थांबवला, मोठा केला. झेरॉक्स पुसट, शेवटचा आकडा तीन की आठ कळेना. तीन टाकला, नाही. आठ टाकला, उघडलं.

दोन चालानं होती. पहिलं १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०, नागपुरातल्या सदर भागात, नो पार्किंग, ५०० रुपये. १९ ला मी पुण्यात होते आणि गाडी दुसऱ्याच कुणाकडे होती. माझी बुकिंग २२ ला सकाळी नऊला सुरू झाली, हे त्यांच्याच पावतीवर लिहिलेलं.

दुसरं २३ नोव्हेंबर, सकाळी १०:०५. आमची गल्ली. १५०० रुपये. सोबत फोटो.

फोटो उघडला आणि मी हसायलाच लागले. काळी पाटी स्पष्ट, पिवळा नंबर स्पष्ट, वर पी-२ चा बोर्ड स्पष्ट, बाजूला समोरच्या काकूंच्या दोरीवर वाळत घातलेला नऊवारीचा काठ. आणि डावीकडे, गाडीपासून दोन हातांवर, आमच्या ओट्यावर बाबा. पेपर डोळ्यांजवळ धरलेला, इतका जवळ की चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग कागदातच गेलेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचे बाबा. समोर वर्दीतलं माणूस उभं राहून फोटो काढतंय आणि हे मथळा वाचतायत.

मोबाइल त्यांच्यापुढे धरला. गॉगल कपाळावर सरकवून त्यांनी नव्या डोळ्यानं नीट पाहिलं. “हा कोण म्हातारा?”

“तुम्ही.”

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “पेपर उलटा नाही ना धरलेला, बघ बरं.”

संध्याकाळी समोरच्या काकूंना विचारलं. त्यांनी पाहिलं होतं. “अवं, ती पोलीसबाई आली न सकाळी, मोबाइल काढला, फोटो काढला, गेली. मले वाटलं तुमाले माहीत असन. तुमचे बाबा तं तिथंच बसले होते.”

म्हणजे चूक माझी, हे कबूल. त्यावर वाद घालायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न आकड्याचा होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये आधी पहिल्या वेळेला १०० आणि पुढच्या वेळेला ३०० असा दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीनं तो ५०० आणि १५०० झाला, महाराष्ट्रात नवे दर लागू झाले डिसेंबर २०२१ मध्ये. मला पंधराशे लागले, याचा अर्थ मी ‘पुन्हा’ चुकले. पहिल्यांदा कधी? तर १९ तारखेला, सदरमध्ये, जेव्हा मी पुण्यात पोहे खात होते. कुणा अनोळखी माणसानं केलेली चूक माझ्या चुकीची मोठी बहीण होऊन बसली होती. त्यात कंपनीनं त्याचे ५०० पण माझ्याकडूनच घेतले होते. म्हणजे त्याचा दंडही मी भरायचा आणि त्याच्यामुळे वाढलेला माझाही मीच.

बाबांना इतका आनंद मी रिटायरमेंटनंतर पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी कपाटातून फाइल काढली, टॅग काढला, पंचिंग मशीन काढलं. लाल पेन्सिल सापडेना म्हणून मला गोकुळपेठेत पाठवलं.

त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला. ‘आपल्या वाहनाचे चालान प्रलंबित आहे, तपशिलासाठी फाइल उघडा.’ खाली ‘आरटीओ चालान’ नावाची फाइल, शेवटी एपीके, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल. माझं बोट जवळजवळ लागलंच होतं. एरवी असल्या मेसेजकडे मी बघतही नाही, पण दिवसभर डोक्यात चालानच होतं ना. थांबले ते एका साध्या विचारानं: गाडी माझ्या नावावर नाहीच. चालानाचा मेसेज जातो तो गाडीच्या नोंदणीला जोडलेल्या मोबाइलवर, म्हणजे कंपनीकडे. म्हणून तर मला बारा दिवस काही कळलं नव्हतं. मग माझा नंबर यांना कुठून मिळाला? कुठूनच नाही, ते सगळ्यांनाच पाठवतात. असली फाइल उघडून इन्स्टॉल केली की फोनमधले ओटीपी परस्पर त्यांच्याकडे जातात. नंबर ब्लॉक केला. सरकारी साइटच्या पत्त्यात शेवटी जीओव्ही डॉट इन असतं, हे मी त्या दिवसापासून आईकडूनसुद्धा पाठ करून घेतलंय.

कंपनीला मेल लिहिला. म्हणजे मी टाइप केला, मजकूर बाबांचा. तीन आक्षेप. एक, १९ तारखेचं चालान माझ्या भाडेकाळातलं नाही, दंड आणि फी दोन्ही परत करा. दोन, सरकारनं लावलेल्या दंडावर तुम्ही जीएसटी कसा घेता? फी ही तुमची सेवा, तिच्यावर घ्या. दंड तुम्ही फक्त माझ्या वतीनं भरताय. यात माझ्या सीए मावसभावाची मदत झाली. त्यानं फोनवर सांगितलं, जीएसटीच्या नियम ३३ मध्ये ‘प्युअर एजंट’ म्हणून नेमकी हीच गोष्ट आहे, दुसऱ्याच्या वतीनं भरलेले पैसे जसेच्या तसे वसूल केले तर ते करपात्र मूल्यात धरत नाहीत. कायदा मोडल्याबद्दलचा सरकारी दंड हा कुठल्या सेवेचा मोबदला नाही, हेही ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात आलंय. तीन, १९ चं चालान माझं नसेल, तर २३ चं माझं पहिलंच ठरतं. गाडी कोण चालवत होतं हे सांगायची जबाबदारी कायद्यानं, कलम १३३ नं, मालकाची आहे. तेव्हा १९ ला गाडी दुसऱ्याकडे होती असं पत्र द्या, म्हणजे मी दंड ५०० करून मागते.

उत्तर चार दिवसांनी आलं. त्यात माझं नाव चुकलेलं आणि ‘तुमच्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार’. बाबांनी त्यावर लाल पेन्सिलनं ‘उत्तर असमाधानकारक’ लिहून फाइलला लावलं. मग मी कॉल सेंटरला फोन केला. एक मुलगी, मग तिचा सुपरवायझर, मग होल्डवरचं संगीत, मग पुन्हा पहिलीच मुलगी. दर वेळी ‘बुकिंग आयडी सांगा’पासून सुरुवात. एवढं मात्र कळलं, त्यांच्याकडे चालानं गाडीच्या नंबरावर एकदम ओढली जातात, आणि ज्याचं डिपॉझिट त्या वेळी हातात असेल त्याच्यातून वळती होतात. तारीख जुळवून बघायचं काम कुणाचंच नाही. सदरवाला माणूस आपलं पूर्ण डिपॉझिट घेऊन केव्हाच मोकळा झाला असणार. त्याचं नाव ते सांगणार नाहीत, आणि खरं तर सांगूही नये.

दरम्यान साइटवर दोन्ही चालानं अजून ‘अनपेड’ दिसत होती! माझे पैसे कापून आठवडा झालेला, सरकारकडे रुपया गेलेला नव्हता. याचा मला राग यायला हवा होता, पण बाबा म्हणाले, बरंच झालं. भरलेल्या दंडावर कोण ऐकून घेतं? न भरलेल्यावरच तक्रार चालते.

म्हणून दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन आम्ही दोघं वाहतूक पोलिसांच्या ऑफिसात. बाबा गॉगल लावून, मी फाइल घेऊन. टेबलामागचे हवालदार पन्नाशीचे, समोर चहाचा अर्धा कप. त्यांनी पावती पाहिली, तारखा पाहिल्या, फोटो पाहिला.

“हे तुमी का?” बाबांना विचारलं.

“हो.”

“मंग तेव्हाच सांगायचं न, गाडी हलवतो म्हणून. हलवली असती तर पोरीनं फोटो नसता काढला.”

बाबांनी गॉगल काढून ऑपरेशनचा डोळा दाखवला. हवालदार हसले. मग सरळ बोलले. तुमचं म्हणणं बरोबर आहे ताई, पण मशीन माणूस नाही पाहत, गाडी पाहते. नंबर टाकला की आधीचं चालान दिसते, अन् दंड वाढून येते. माणूस कोणता होता हे मशीनला मालकानं सांगावं लागते. कंपनीचं पत्र आणा, साइटवर ग्रीव्हन्सचं बटण आहे तिथं टाका, आमी पाहतो. नाही जमलं तर लोकअदालतीत घेऊन जा. मी विचारलं, कंपनी पत्र देते का कधी? त्यांनी चहा संपवला. “पाचशे-हजारासाठी कोण देते, ताई.”

घरी येऊन मी ग्रीव्हन्स टाकलाच. भाडेपावती जोडली, १९ ला मी पुण्यात ऑफिसला असल्याचा पुरावा जोडला. कंपनीला मेल केला: कृपा करून २३ चं चालान तूर्त भरू नका, मी तक्रार केली आहे, पत्र द्या. विषयाच्या ओळीत ‘भरू नका’ मोठ्या अक्षरांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साइट उघडली. दोन्ही चालानांसमोर ‘पेड’.

इतके दिवस न भरलेला दंड, ‘भरू नका’ म्हटल्यावर चोवीस तासांच्या आत भरला गेला. मी आजही सांगू शकत नाही की ते मेल वाचून भरलं की न वाचता. माझा अंदाज, कुणीतरी मेलमध्ये चालानाचा नंबर पाहिला आणि ‘पेंडिंग आहे, भरून टाका’ म्हणून पुढे ढकलला. तक्रार तिथंच संपली.

बाकीच्या दोन आक्षेपांचं मात्र काम झालं. पंचवीसेक डिसेंबरला, मी पुण्याला परतल्यावर, १४५० रुपये आले, स्पष्टीकरण नाही, दिलगिरी तर नाहीच. बाबांनी फोनवर बेरीज केली. १५०० दंड, ५०० फी, फीवरचा जीएसटी ९०, म्हणजे २०९०. ३५४० मधून २०९० गेले, १४५०. बरोबर. त्यांना जरा वाईटच वाटलं असावं, एखादा रुपया कमी आला असता तर पत्रव्यवहार पुढे चालला असता. फाइलच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलंय: ‘रु. १००० — आक्षेप प्रलंबित’. तो फोटोही रंगीत प्रिंट काढून लावलाय, पान ७.

मार्चमध्ये दुसऱ्या डोळ्यासाठी परत गेले. यंदा कंपनी दुसरी. पोरगा किल्ली पुढे करत होता, मी म्हटलं थांब, आधी कप्प्यातलं आरसी दे. तिथंच उभं राहून चार आकडे टाकले. गाडीवर दोन चालानं, दोन्ही नो पार्किंगची, दोन्ही न भरलेली. म्हटलं, ही नको, दुसरी दाखव.

“मॅडम,” तो म्हणाला, “सगळ्याइवरच हायेत.”

तिसरी गाडी तपासली, तिच्यावर एकच होतं, आणि ते सिग्नल तोडल्याचं. तीच घेतली. चालानाचा स्क्रीनशॉट काढून त्याच्याच समोर कंपनीला मेल केला, आणि घरी आल्यावर रात्री पावणेबाराला चपला घालून खाली उतरले. बाबा ओट्यावर आधीच येऊन बसले होते, कॅलेंडर घेऊन.